चाक बदलायला घेतलं आणि मध्येच अडकलं: नट सुटत नाही, जॅक कलतो, चाक निघत नाही

"नट सुटत नाहीये, काय करू?" असा फोन मला वर्षातून दोन-तीनदा येतो, कधी भावाचा, कधी ऑफिसातल्या कोणाचा, आणि प्रत्येक वेळी मागे गाड्या सुसाट जात असल्याचा आवाज असतो. चाक बदलायची पद्धत यातल्या सगळ्यांना माहीत असते, गाडीच्या पुस्तकात ती चार चित्रांत दिलेलीच असते. लोक अडकतात ते त्या चित्रांच्या मधे. नट हलत नाही, गाडी उचलली की जॅक मातीत रुतायला लागतो, सगळे नट काढून हातात घेतले तरी चाक जागचं हलत नाही, किंवा सगळं पार पडतं आणि स्टेपनीतच हवा नसते. हे सगळं माझ्याबाबतीत होऊन गेलंय आणि त्यातलं बरंचसं टाळता येतं हे मला उशिरा कळलं, म्हणून सविस्तर लिहितेय. ज्याला जिथे अडलंय त्याने तिथून वाचलं तरी चालेल, पण पहिला भाग मात्र सगळ्यांनी वाचा, कारण नट सुटला नाही म्हणून कोणी मरत नाही, चुकीच्या जागी बसून नट सोडताना मात्र माणसं जातात.

आधी जागा

टायर बसला की लगेच जाणवतं. पुढचा असेल तर स्टेअरिंग एका बाजूला ओढतं आणि जड होतं, मागचा असेल तर गाडीचा मागचा भाग डुलल्यासारखा होतो, आणि मग तो फडफड आवाज. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो आवरायचा. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, चारही इंडिकेटर लावायचे आणि गाडीचा वेग आपणहून उतरू द्यायचा. मग जागा बघायची: रस्ता सरळ हवा म्हणजे मागच्याला तुम्ही लांबून दिसाल, जमीन सपाट आणि कडक हवी म्हणजे जॅक उभा राहील, आणि रहदारीपासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं. वळण संपल्यासंपल्या, चढ संपून उतार लागतो तिथे, पुलावर, बोगद्यात थांबायचं टाळा.

अशी जागा दोन-चारशे मीटर पुढे दिसत असेल तर बसलेल्या टायरवर अगदी चालण्याच्या वेगाने तिथपर्यंत गाडी न्या. टायर वाया जाईल, रिमलाही कदाचित मार बसेल, जाऊ द्या. लोक टायर वाचवायला म्हणून वळणावरच थांबतात आणि रहदारीला पाठ करून बसतात, ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. टायर नवीन मिळतो हो.

थोडा हिशोब करून बघा. ताशी 100 किमीने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर कापते. म्हणजे तुम्ही रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीमागे 50 मीटरवर ठेवला असेल तर त्रिकोणापासून तुमच्यापर्यंत यायला त्या गाडीला दोन सेकंदही लागत नाहीत. आणि बरेच लोक तो ठेवतात कुठे, तर बंपरपासून चार पावलांवर. साध्या रस्त्यावर निदान 50 मीटर, वेगवान रस्त्यावर 100 मीटर, आणि मागे वळण असेल तर येणाऱ्याला वळण लागायच्याही आधी, म्हणजे गाडी दिसायच्या आत त्रिकोण दिसला पाहिजे. तो ठेवायला जाताना उघडून छातीसमोर धरायचा, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करायचं आणि रस्त्याच्या अगदी कडेने चालायचं. वाहता मोठा हायवे असेल आणि चालायलाच जागा नसेल तर त्रिकोणाच्या भानगडीत पडू नका, तो ठेवायला जाण्यातच जास्त धोका आहे.

रात्री आणखी एक गोष्ट होते. डिक्की उघडून आपण सामान काढत उभे राहतो आणि गाडीचे मागचे लाल दिवे आपल्याच अंगाने झाकले जातात, वर उघडलेल्या डिक्कीच्या झाकणासोबत काही गाड्यांचे दिवेही वर जातात. म्हणजे नेमक्या त्या पाच मिनिटांत मागून येणाऱ्याला तुमची गाडी दिसतच नाही. म्हणून आधी त्रिकोण, मग डिक्की, आणि डिक्कीतून सगळं एकदमच काढून बाजूला घ्यायचं, सारखं सारखं जायचं नाही.

आता जे मी कधीच करत नाही ते सांगते. वेगवान रस्ता, अरुंद साइडपट्टी आणि पंक्चर रहदारीकडच्या चाकाला, हे तिन्ही एकत्र आलं तर मी पान्याला हात लावत नाही. मदतीला फोन करायचा, सगळ्यांनी रहदारीपासून लांबच्या दाराने उतरायचं, कठडा असेल तर त्याच्या पलीकडे जायचं आणि आपल्या गाडीच्या थोडं मागे, म्हणजे जिकडून गाड्या येतात त्या बाजूला उभं राहायचं. पुढे उभं राहायचं नाही, कारण मागून कोणी धडकलं तर आपलीच गाडी पुढे ढकलली जाऊन अंगावर येते. मुलं गाडीत झोपली असली तरी उठवायची आणि बाहेर घ्यायची. गाडीतच बसू दे, ऊन आहे, थंडी आहे असं वाटतं, पण थांबलेल्या गाडीत बसून राहणं बाहेर कठड्यामागे उभं राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

गाडी घसरू नये म्हणून, आणि इथे गिअरवर विसंबू नका

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पी. एवढं सगळे करतात आणि निर्धास्त होतात. पण जरा विचार करा. पुढची चाकं ओढणारी गाडी आहे (बहुतेक छोट्या गाड्या तशाच असतात) आणि तुम्ही पुढचंच एक चाक उचललं, तर गिअरचा काही उपयोग राहत नाही, कारण डिफरन्शिअलमुळे (दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं, आणि गाडी गिअरमध्ये असूनही सरकते. पी मध्येही हेच होतं. तिथे गाडी धरून ठेवतो तो फक्त हँडब्रेक, जो बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. उलट मागचं चाक उचललं तर हँडब्रेकने धरलेल्या दोन चाकांपैकी एक हवेत गेलं, मग गिअरचा आधार मोठा. म्हणून दोन्ही लावायचे, आणि दोन्ही लावूनही उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दगड लावायचा. पुढचं एका बाजूचं उचलताय तर मागचं दुसऱ्या बाजूचं. दगड बऱ्यापैकी मोठा हवा आणि टायरला घट्ट टेकलेला हवा, चार बोटांवर ठेवलेला दगड म्हणजे गाडी चार बोटं सरकल्यावरच अडणार आणि जॅक पडायला तेवढं पुरतं. मी डिक्कीत लाकडाचे दोन तिरके ठोकळे टाकून ठेवलेत, जागा काहीच लागत नाही.

उतारावर गाडी जॅकवर चढवायची नाही, मग कितीही दगड लावलेले असोत.

नट सुटत नाही

सगळ्यात जास्त फोन याचे. आणि पहिला प्रश्न मी विचारते तो हा की गाडी जॅकवर आहे का खाली आहे? दहातले सहा-सात सांगतात वर आहे. आधी खाली घ्या. चाक हवेत असताना पाना दाबला की नट सुटायच्या ऐवजी चाकच फिरतं, आणि चाक हँडब्रेकने धरलेलं असलं तरी तुमचा सगळा जोर आता उचललेल्या गाडीला बाजूला ढकलतोय, गाडी जॅकवरून पडायची ही अगदी हमखास वेळ. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. ढिले म्हणजे अर्धा फेरा, जास्तीत जास्त एक, काढून टाकायचे नाहीत.

आता पाना कसा लावायचा ते. तुम्ही चाकासमोर आहात, नट डाव्या हाताला फिरवून सुटतो, घड्याळाच्या उलट. पान्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा बसवा, घड्याळात नऊ वाजताना छोटा काटा असतो तसा. म्हणजे सोडायला खाली दाबायचं आहे, आणि खाली दाबायला हाताची ताकद लागत नाही, वजन लागतं. लोक पाना उजवीकडे बसवून वर ओढत बसतात आणि पाठीत उसण भरवून घेतात. माझं वजन 54 किलो, गाडीतला पाना पाव मीटरचा, म्हणजे मी पान्याच्या टोकावर पूर्ण भार दिला की नटावर साधारण 130 न्यूटन-मीटर जोर पडतो. छोट्या गाड्यांचे नट सहसा 90 ते 120 च्या आसपास आवळायचे असतात, म्हणजे नट नीट आवळलेला असेल तर माझ्यासारखीच्या वजनाने सुटायलाच हवा. गाडीला एका हाताने धरून एक पाय दांड्याच्या टोकावर ठेवायचा आणि हळूहळू भार वाढवायचा. उड्या मारायच्या नाहीत, पाना निसटला की नटाचे कोपरे जातात आणि नडगीही फुटते.

तेवढ्याने नाही सुटला तर मग गंज तरी आहे किंवा मागच्या वेळी कोणीतरी हवेच्या गनने प्रमाणाबाहेर आवळलाय. हे दुसरं फार होतं. एकदा नवीन टायर टाकून आल्यावर महिनाभरात पंक्चर झालं आणि पाचातले तीन नट काही केल्या हलेनात, त्यातल्या एकाचे कोपरे मी जोर लावून गोल केले आणि शेवटी गाडी उचलून न्यावी लागली. तेव्हापासून चाकाचं कुठलंही काम झालं की मी तिथेच उभी राहून सांगते, गनने फक्त टेकवा, शेवटचं आवळणं टॉर्कच्या पान्याने करा, म्हणजे किती जोर पडतोय ते दाखवणाऱ्या पान्याने. कोणाला राग आला तर येऊ दे.

हट्टी नटाला क्रमाने काय करून बघायचं: आधी पाना पूर्ण आत बसलाय का बघा, नटावर प्लॅस्टिकची टोपी असेल तर ती काढा, ती राहिली की पाना अर्धाच बसतो आणि कोपरे तिथेच जातात. मग एकदा किंचित आवळायच्या दिशेला जोर द्या आणि लगेच उलटा, गंज बऱ्याचदा त्या एका झटक्याने तुटतो, बारीकसा 'टक्क' आवाज येतो आणि हाताला कळतं. तरी नाही तर गंज सोडवायचा स्प्रे असेल तर नटाच्या कडेला मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा, आतल्या डिस्कवर तो उडू देऊ नका, ब्रेकला तेलकट काहीही लागलेलं चालत नाही. आणि शेवटचा उपाय म्हणजे पोकळ लोखंडी पाइप, पान्याच्या दांड्यावर चढवायचा. दांडा दुप्पट लांब झाला की तेवढ्याच वजनात दुप्पट जोर मिळतो. अर्ध्या मीटरचा पाइप डिक्कीत ठेवून द्या. फक्त हा पाइप सोडायला, आवळायला कधीही नाही.

पाचातला एक नट वेगळाच दिसतोय, पाना बसतच नाही, तर तो चोरीसाठीचा लॉक नट आहे. त्याला वेगळी किल्ली लागते, अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा असतो, आणि ती बहुतेक वेळा डिक्कीत हत्यारांच्या पिशवीत किंवा समोरच्या खणात पडलेली असते. हे वाचताय तोवर जाऊन बघून या आहे का. ही नसेल तर रस्त्यावर तुमच्या हातात काही नाही.

जॅक कलतो, रुततो, पुरत नाही

जॅक कुठे लावायचा ते दाराखालच्या पट्टीवर लिहिलेलं असतं म्हणजे तिथे खुणा असतात. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे हात घालून बघा, खाली पत्र्याची उभी कडा लागते, त्या कडेवर दोन खाचा असतात, त्यांच्या मधल्या भागाखाली जॅकचं डोकं यायला हवं आणि डोक्यातल्या खोबणीत ती कडा बसायला हवी. खाचा सोडून दुसरीकडे लावला तर पत्रा आत दबतो आणि दबता दबता जॅक तिरका होतो. गाडी जुनी असेल आणि ती कडा गंजून खपल्या निघत असतील तर तिथे जॅक लावूच नका.

मऊ जमिनीवर जॅकचा पाय रुततो कारण तळहाताएवढ्या जागेवर गाडीच्या एका कोपऱ्याचा सगळा भार येतो. खाली फळी हवी, दोन-तीन सेंटीमीटर जाड आणि निदान फूटभर लांब-रुंद. विटा आणि दगड नकोत, वीट भाराखाली फुटते आणि दगडावरून जॅक सटकतो. उन्हात डांबरही मऊ होतं हे लक्षात असू द्या, कडक वाटलं तरी फळी घातलेली बरी.

उचलायला लागलात की जॅक टेकल्यानंतर दोन-तीन सेंटीमीटर उचलून थांबा. उठा, दोन पावलं मागे जा आणि जॅककडे एकदा समोरून, एकदा बाजूने बघा. सरळ उभा आहे का? जरा जरी कललेला दिसला तर खाली घेऊन परत लावा, वर जाऊन तो कलणं वाढतंच, आपोआप सरळ होत नाही. या थांबण्याने माझं एकदा फार मोठं नुकसान वाचलंय, खालची माती एका बाजूने खचत होती आणि बसून टॉमी, म्हणजे जॅकचा दांडा, फिरवताना ते अजिबात दिसत नव्हतं.

आणखी एक सवय लावून घ्या. गाडी थोडी वर आली की स्टेपनी आडवी करून जॅकशेजारी गाडीच्या पट्टीखाली सरकवायची. चाक काढलं की काढलेलं चाक तिथे, स्टेपनी बाहेर. जॅक सटकलाच तर गाडी त्या चाकावर पडते, डिस्कवर नाही आणि तुमच्या हातावर नाही. सरकवताना फक्त हातच आत जाऊ द्या. डोकं, खांदा, पाय, काहीही गाडीखाली जाता कामा नये, खाली गेलेला नट काढायलाही नाही, तो पान्याने ओढून घ्या. आणि गाडी वर असताना आत कोणी बसलेलं नको, दार आपटणं नको, डिक्कीतून काही ओढणं नको.

जॅक पूर्ण वर गेला तरी स्टेपनी बसायला जागा पुरत नाही असं मऊ जमिनीवर हमखास होतं. पंक्चर झालेलं चाक निघायला जेवढी उंची लागते त्यापेक्षा हवा भरलेलं बसवायला थोडी जास्त लागते, म्हणून चाक सुटलं की समाधान मानू नका, अजून दोन-तीन सेंटीमीटर घ्या. जॅकच संपला असेल तर स्टेपनी जिथे टेकते तिथली माती पान्याने थोडी खरवडून खड्डा करा. साधी गोष्ट आहे पण त्या गडबडीत सुचत नाही.

सगळे नट काढले तरी चाक निघत नाही

हे पहिल्यांदा झालं की माणूस हबकतोच. नट सगळे हातात आहेत आणि चाक मात्र वेल्डिंग केल्यासारखं चिकटलेलं. अलॉयचं चाक आणि आतला लोखंडी हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, यांच्यामधे पाणी जाऊन गंज धरतो, दोन वेगळे धातू आणि खारट ओल असली की आणखीच. वर्ष-दोन वर्षं चाक काढलेलंच नसलं की हे होतं. यात लोक चूक करतात ती म्हणजे गाडी जॅकवर असतानाच समोर बसून दोन्ही पायांनी लाथा मारतात किंवा चाक धरून जिवाच्या आकांताने ओढतात. तो सगळा जोर जॅकवर येतो.

त्याऐवजी सगळे नट हाताने परत लावा, शेवटपर्यंत आवळून पुन्हा एक-दीड फेरा ढिले ठेवा, पट्टीखालचं चाक काढा, गाडी खाली घ्या, जॅक बाजूला करा. आता गाडीचा भार चाकावर आला. बाजूने उभं राहून गाडीला छताजवळ धरून जोरात हलवा, डावी-उजवी, चार-पाच वेळा. बऱ्याचदा एवढ्यानेच 'कडक' असा आवाज येऊन चाक सुटतं. नाही सुटलं तर दगड काढून गाडी सुरू करून फूट-दोन फूट पुढे, मग मागे, अगदी सावकाश, ब्रेक जरा दाबून. नट लावलेले असल्यामुळे चाक पडत नाही, पण हबवरून सुटतं. मग परत हँडब्रेक, गिअर, दगड, फळी, जॅक, सगळं पहिल्यापासून. कंटाळा येतो पण यातलं एकही वगळायचं नाही.

घरी गेल्यावर त्या हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी तेच. आणि चाक निघालं की आत जी चकचकीत डिस्क दिसते तिला हात लावू नका, नुकतीच गाडी चालवली असेल तर ती चांगलीच तापलेली असते.

स्टेपनी बसवताना

छोट्या गाडीचं चाकही चांगलंच जड असतं, ते हातांवर उचलून भोकं जुळवायला गेलं की पाठ आणि बोटं दोन्ही जातात. जमिनीवर बसा, चाक उभं करून हबसमोर आणा, पान्याचा दांडा टायरखाली सरकवा आणि तरफेसारखा उचला, एका हाताने चाक तोलून धरा. सगळ्यात वरचा स्टड (हबमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर नट बसतो) पहिला भोकात घाला, त्यावर चाक लटकतं आणि बाकीची आपोआप जुळतात. पहिला नटही वरचाच.

नटाची एक बाजू निमुळती असते, ती चाकाकडे. उलटा लावला तरी फिरतो, आवळतो, सगळं ठीक वाटतं आणि पुढे सैल होतो. प्रत्येक नट पहिले काही फेरे बोटांनीच फिरवा, बोटांनी जात नसेल तर आटे चुकलेत, उलटा फिरवून परत लावा, पाना लावून जबरदस्ती केली तर स्टडच जातो. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, तेवढ्याच जोरात नट मग जास्त आवळला जातो. ज्या गाड्यांना स्टडच्या ऐवजी सुटे बोल्ट येतात त्यांच्या मालकांनी पुस्तकात एकदा बघून घ्या, काही ठिकाणी स्टेपनीसाठी वेगळ्या लांबीचे बोल्ट दिलेले असतात.

आवळायचं ते समोरासमोर. चार नट असतील तर एक झाला की त्याच्या समोरचा, पाच असतील तर चांदणी काढतो तसं एक सोडून एक. गोल गोल शेजारचे आवळत गेलं की चाक एका बाजूने तिरकं बसतं. हवेत असताना पान्याने नुसते टेकवा, मग पट्टीखालचं चाक काढून गाडी खाली घ्या आणि जमिनीवर टेकल्यावर पूर्ण आवळा. आता पाना उजवीकडे आडवा, तीन वाजताच्या काट्यासारखा, आणि हाताने खाली दाबायचं. वर केलेला हिशोब इथे परत आठवा: पायाने पूर्ण भार दिला की माझ्यासारखी 130 पर्यंत जाते, 80 किलोचा माणूस जवळपास 200 ला जाईल. म्हणून आवळायला पाय नको, दोन्ही हातांनी चांगला दाब द्या आणि 50-80 किमी झाले की थांबून परत एकदा सगळे नट बघा. हे नक्की करा, पहिल्या काही किलोमीटरांत चाक जागेवर बसतं आणि एखादा नट सैल झालेला सापडू शकतो.

स्टेपनीतच हवा नाही

टायर वापरला नाही तरी हवा हळूहळू उतरतेच. महिन्याला चार टायरची हवा बघतो आणि पाचवा डिक्कीत सामानाखाली असतो म्हणून राहतो. मी स्टेपनीत नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय जास्तच भरून ठेवते, लागेल तेव्हा कमी करता येते, रस्त्यात वाढवता येत नाही. तुमची स्टेपनी बारीक, तात्पुरती वापरायची असेल तर तिची हवा वेगळी असते, बहुतेकांवर 60 पीएसआय लिहिलेलं असतं, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट, आणि वेग ताशी 80 किमीच्या आत. या चाकाला पकड कमी, ब्रेक लागायला अंतर जास्त, त्यामुळे त्यावर दुसऱ्या दिवशीही गाडी फिरवत बसू नका.

टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात ते पण बघा, 2319 म्हणजे 2019 सालातला 23वा आठवडा. न वापरलेली स्टेपनीही म्हातारी होते, रबराला बारीक भेगा दिसायला लागल्या की ती नुसती दाखवायला उरली.

ज्या मोठ्या गाड्यांना स्टेपनी खाली टांगलेली असते त्यांनी वर्षातून एकदा ती उतरवून परत चढवा. तिची साखळी किंवा केबल चिखलपाण्याने गंजून अडकते आणि ऐन वेळी स्टेपनी समोर दिसते पण खाली येत नाही.

स्टेपनीच नाही, नुसता पंप आणि सीलंटची (भोक आतून बुजवणाऱ्या द्रवाची) बाटली आहे, तर त्याची मर्यादा ओळखा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा-स्क्रू गेलाय आणि भोक बारीक आहे एवढ्यापुरतंच ते चालतं. बाजू फाटली असेल तर सगळी बाटली ओतलीत तरी हवा टिकणार नाही. खिळा काढू नका, तोच भोक अडवून बसलेला असतो.

आणि काढलेला टायर पंक्चर काढायला दिलात की तो रिमवरून उतरवायला सांगा आणि आत बघा. बसलेल्या टायरवर गाडी चालली असेल तर आत काळी रबराची भुकटी पडलेली असते, बाजूच्या आतल्या भागावर गोल घासल्याची रेष दिसते, बोट फिरवलं की काळं होतं. असा टायर बाहेरून चांगला दिसला, हवा धरत असला तरी त्याची बाजू आतून मेलेली असते, तो परत चाकावर चढवू नका.